बोर्दोची तांबडी वाइन : एक रसविचार

मराठीत 'मिश्र' हा शब्द फारसा प्रतिष्ठित नाही. रागाच्या नावामागे 'मिश्र' लागले की मैफलीतील काही बुजुर्ग थोडे सैल होऊन बसतात. मुलाची भाषा 'मिश्र' झाली की शिक्षकांच्या कपाळाला आठी पडते. आणि बाजारात तर मिश्रण व भेसळ यांत भेद करावयास गिऱ्हाईक तयारच नसते. या पूर्वग्रहाचा एक मासला काही वर्षांपूर्वी दिल्लीत आम्हांस पाहावयास मिळाला. एका सरकारी भोजनप्रसंगी आमच्या शेजारी एक ज्येष्ठ मराठी अधिकारी बसले होते. समोरच्या परदेशी पाहुण्याने पेल्यातील तांबड्या वाइनची माहिती सांगताना, ही तीन जातींच्या द्राक्षांची मिळून केलेली आहे, असे सांगितले. पाहुणा दुसरीकडे वळताच आमचे शेजारी कानाशी पुटपुटले, "म्हणजे भेसळच की हो!" आम्ही हसलो. नुसते हसलो नाही, तर मान हलवून दुजोराही दिला. प्रस्तुत लेख हे त्या दुजोऱ्याचे प्रायश्चित्त आहे.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. आमच्या वाचकांत या पेयाला कधीही न शिवलेले पुष्कळ आहेत, आणि त्यांनी आपला नेम मोडावा अशी आमची मुळीच इच्छा नाही. काही वाचक तर गुजरातेत वा बिहारमध्ये नेमणुकीवर आहेत; तेथे कायद्यानेच तो प्रश्न निकालात काढला आहे. आमचा विषय पिणे हा नसून चव हा आहे. अनेक वस्तूंच्या संयोगातून एकच चव कशी सिद्ध होते, आणि ती सिद्ध झाली की नाही हे कशावरून ओळखावे, एवढाच प्रश्न आम्हांस येथे विचारात घ्यावयाचा आहे. तो आपल्याला परका आहे असेही नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची उपपत्ती सांगताना दृष्टांत घेतला तो स्वयंपाकघरातला. आणि पुढील आलंकारिकांनी 'पानकरसन्याय' म्हणून जो न्याय रूढ केला, तो तर सरळसरळ एका मिश्र पेयाचाच आहे. गूळ, मिरे, वेलदोडे यांची चव निराळी आणि त्यांच्या पानकाची चव निराळी. चैत्रात घरोघरी होणारे पन्हे हा त्या पानकाचा आपल्याकडील वारस होय. तेव्हा ज्या परंपरेने काव्यानंदाचे स्वरूप मिश्र पेयाच्या दाखल्याने समजावून दिले, त्या परंपरेतील दोघांनी मिश्र पेयाला भेसळ म्हणून हसावे, यात थोडी विसंगती होतीच.

आता त्या पेल्याकडे वळू. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गारोन व दोर्दोन्य या दोन नद्यांचा संगम होऊन जिरोंद नावाची रुंद खाडी बनते आणि अटलांटिक महासागराला मिळते. या जलप्रवाहांच्या दोन्ही अंगांस बोर्दोचे द्राक्षमळे पसरलेले आहेत. डाव्या तीरावरील मेदोक भागाची जमीन गोट्यांची आणि वाळूची आहे. ती पाणी ठरू देत नाही आणि दिवसाचे ऊन मात्र धरून ठेवते. उजव्या तीरावर सँतेमिलियों आणि पोमरोल येथे चिकणमाती व चुनखडी अधिक. ती जमीन थंड, ओल राखणारी. त्यामुळे डाव्या तीरावर काबर्ने सोव्हिन्यों या वाणाला अग्रमान, तर उजव्या तीरावर मेर्लोला. दोहोंच्या सोबतीस काबर्ने फ्रँ येतो. प्ती व्हेर्दो व माल्बेक यांचा वाटा अल्प असतो. तांबडी बोर्दो म्हणून जी वाइन जगात ओळखली जाते ती बहुधा यांपैकी दोन, तीन किंवा चार वाणांची मिळून झालेली असते, आणि हा तेथील अपवाद नसून शिरस्ता आहे.

यांतील प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. काबर्ने सोव्हिन्योंचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बियांच्या मानाने गर कमी असलेले. त्याची वाइन गडद, ताठ आणि तुरट. तिला आकार असतो, आयुष्य असते, परंतु तरुणपणी ती फार आखडून वागते, आणि द्राक्ष पुरते पिकले नाही तर हिरव्या ढोबळ्या मिरचीसारखा वास मारते. मेर्लो मऊ, भरदार, पिकल्या अलुबुखाराची आठवण देणारा. तो पटकन आपलासा होतो, पण एकटाच असला आणि जमीन सामान्य असली तर लवकरच त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही. काबर्ने फ्रँ अंगाने हलका, परंतु सुगंधी. प्ती व्हेर्दो उशिरा पिकणारा, रंगाने काळसर आणि चवीने तिखट; शंभरात दोन-चार भाग एवढाच त्याचा वाटा. गोड्या मसाल्यातील दगडफुलाची योग्यता ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्याचे काम निराळे सांगावयास नको. दगडफूल एकटे चघळून कोणी सुखावला असेल असे वाटत नाही. पण मसाल्यातून ते काढून घ्या, म्हणजे आमटीला कसलीशी उणीव भासू लागते.

गंमत अशी की ही मंडळी एकमेकांना परकी नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९९७ साली आनुवंशिक परीक्षणाने दाखवून दिले की, काबर्ने सोव्हिन्यों हा काबर्ने फ्रँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाणाच्या संकरातून जन्मलेला आहे. मेर्लोचाही एक जनक काबर्ने फ्रँच, हेही संशोधनाने सिद्ध झाले आहे. म्हणजे पेल्यात जे एकत्र येतात ते बाप आणि त्याचे, परस्परांचे सावत्र भाऊ असलेले, दोन मुलगे होत. ज्याला आपण शुद्ध वाण म्हणून हाती धरतो, तोही कोणे एके काळी मळ्यातल्या एका अनाहूत संकरातूनच निपजला होता, ही गोष्ट शुद्धतेच्या अभिमान्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

परंतु हे वाण एकत्र आले ते नात्यामुळे नव्हे, तर आकाशाच्या लहरीमुळे. बोर्दोचे हवामान समुद्रकाठचे, बेभरवशाचे. मेर्लो लवकर फुलतो आणि काबर्ने सोव्हिन्योंच्या आधी आठवडा-दोन आठवडे पिकतो. म्हणून वसंतातील हिमाचे आणि फुलोऱ्यातील थंड पावसाचे भय मेर्लोला, तर शरदातील पावसाचे भय काबर्नेला. ज्याने सर्व मळ्यात एकच वाण लावला त्याने आपले सारे दैव एका पंधरवड्यावर टाकले. १९६४ साली ऑक्टोबरात पाऊस कोसळला. उजव्या तीरावरील मेर्लो तोवर घरात आला होता आणि तिकडील वाइन त्या वर्षी उत्कृष्ट झाली. मेदोकमध्ये मात्र ज्यांची काबर्ने वेलीवरच राहिली होती त्यांचे नुकसान झाले. १९८४ साली उलटे घडले. फुलोऱ्याच्या काळात हवा बिघडून मेर्लोचे घडच नीट धरले नाहीत, आणि त्या वर्षीच्या पुष्कळशा बाटल्यांत जवळजवळ काबर्नेच भरावी लागली. त्या हंगामाची वाइन कृश आणि कठोर म्हणूनच स्मरणात राहिली. मेर्लोचे महत्त्व पटवून देणारा याहून चांगला पुरावा निसर्गाने दुसरा दिला नसता. १९५६ च्या फेब्रुवारीतील कडाक्याच्या थंडीने तर वेलीच मारल्या. त्यानंतर नव्याने लागवड करताना माल्बेकला पूर्वीचे स्थान पुन्हा मिळाले नाही. अगदी अलीकडे, २०२१ साली, तापत्या हवामानाचा विचार करून सहा नव्या वाणांना तेथे परवानगी मिळाली. मात्र ते मळ्याच्या शंभरात पाच भागांहून अधिक लावू नयेत आणि मिश्रणात दहा भागांहून अधिक घालू नयेत, अशी अट घातली गेली. तेव्हा हे मिश्रण कोणा शौकिनाच्या हौसेतून उपजलेले नाही. भित्र्या शेतकऱ्याच्या सावधपणातून ते आले, आणि चवीचा लाभ त्यात मागाहून सापडला.

हा लाभ नेमका कोणता, हे पुस्तकांतून वाचून आमचे समाधान होईना. दिल्लीच्या एका हिवाळ्यात, परराष्ट्र खात्यातील एका स्नेह्याच्या घरी, आम्ही तीन बाटल्या समोर ठेवून बसलो. एक केवळ काबर्नेची, एक केवळ मेर्लोची, आणि तिसरी मेदोकमधील एका मध्यम प्रतीच्या मळ्याची, सुमारे दहा वर्षे मुरलेली, मिश्र. हिवाळा मुद्दाम निवडला होता. तांबडी वाइन खोलीच्या उष्णतेवर द्यावी असे पुस्तके सांगतात. पण ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची, हे सांगावयास विसरतात. मे महिन्यात दिल्लीच्या खोलीत तीच वाइन दिली तर तिच्यातील मद्यार्क आधी नाकाशी भांडतो आणि बाकीच्या गुणांना तोंड उघडू देत नाही.

पहिल्या पेल्यातील काबर्नेचा पहिला स्पर्श ठसठशीत होता आणि शेवटही दीर्घ होता. परंतु मधल्या भागात काहीतरी रिते राहिले होते. जाणकार या रितेपणाची तक्रार करतात ती आम्हांस त्या दिवशी प्रथम कळली. दुसऱ्या पेल्यातील मेर्लो मधोमध भरगच्च होता, पण कडा नव्हत्या. चव आली तशी विरून गेली. तिसरा पेला उचलला तेव्हा प्रथम रंगाकडे लक्ष गेले. मध्यभागी पिकल्या जांभळाचा रंग, आणि काठाशी विटकरी छटा. ही छटा वयाची खूण होय. वासाला जांभूळजातीची काळी फळे, देवदाराच्या पेटीसारखा सुका लाकडी गंध, आणि मागून तंबाखूच्या पानाची पुसटशी आठवण. तोंडात घेतल्यावर मात्र हे सगळे वेगवेगळे उच्चारता येईना. आरंभ, मध्य आणि शेवट असे तीन टप्पे होते. परंतु एक कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे सांगता येत नव्हते. काबर्नेने पाठीचा कणा दिला होता, मेर्लोने त्यावर मांस चढविले होते. पण समोर उभा होता तो एकच देह.

तुरटपणाविषयी येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. कारण तांबड्या वाइनचे चारित्र्य बहुतांशी त्यात आहे. द्राक्षाची साल, बिया आणि ओकच्या पिंपाचे लाकूड यांतून टॅनिन उतरते. लाळेतील प्रथिनांना ते धरून ठेवते, त्यामुळे तोंडातील ओशटपणा निघून जाऊन जीभ कोरडी पडते. आधुनिक शास्त्र या अनुभवाला चव मानीत नाही, एक प्रकारचा स्पर्श मानते. आपल्या षड्रसांत मात्र कषाय हा मधुर-अम्लांच्या पंक्तीला बसलेला स्वतंत्र रस आहे. आणि हिरडा, आवळा, कच्ची सुपारी, कात यांवर वाढलेल्या मराठी जिभेला तो ओळखून काढण्यास कोणाची शिकवणी लागत नाही. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर जी मधुरता जाणवते, तिचे स्मरण असलेल्या माणसाला तांबड्या वाइनच्या मागाहून उमलणाऱ्या चवीचेही नवल वाटू नये. अडचण येते ती जेवणाशी जोडी जमविताना. स्निग्ध मांसान्नाबरोबर हा तुरटपणा नरम पडतो. झणझणीत रश्श्याबरोबर मात्र तिखट आणि मद्यार्क एकमेकांना भडकवितात, आणि मग दोष वाइनला दिला जातो. आमच्या इकडील अनेक मेजवान्यांत या वाइनची जी अपकीर्ती झाली आहे, ती पुष्कळ अंशी अशा विजोड पंक्तीमुळे.

त्या संध्याकाळी आम्ही आणखी एक उपद्व्याप केला. पहिल्या दोन बाटल्यांतील काबर्ने आणि मेर्लो निम्मे-निम्मे एका पेल्यात ओतून ढवळले आणि चाखून पाहिले. आमची अपेक्षा अशी की तिसऱ्या पेल्याची निदान गरीब बहीण तरी भेटेल. भेटले ते भलतेच. आधी काबर्ने बोले, मग मेर्लो बोले, मग दोघे एकदम बोलत. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीत जोडरागांना मोठा मान आहे. 'बसंती केदार' गाताना कसलेला गायक वसंतातून केदारात कधी उतरला हे कळूही देत नाही; नवशिका मात्र एक आवर्तन वसंताचे आणि एक केदाराचे अशी वाटणी करतो, आणि सांधा उघडा पडतो. आमच्या पेल्यातील सांधा असा उघडा पडला होता.

याचे कारण नंतर उमगले. आमच्या दोन बाटल्यांतील वाइन वेगळ्या गावांची, वेगळ्या हंगामांची आणि वेगळ्या हातांची होती. बोर्दोच्या मळ्यात प्रत्येक वाण आणि मळ्याचा प्रत्येक तुकडा निराळा खुडतात, निराळा आंबवितात. आणि बहुधा त्या हिवाळ्यातच, मळ्याचे जाणते लोक नमुने समोर घेऊन बसतात व कोणाला किती जागा द्यावयाची हे ठरवितात. त्यानंतर ही वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत कित्येक महिने एकत्र नांदते. परंतु या बैठकीचे मर्म आम्हांस वाटते ते घेण्यात नसून वगळण्यात आहे. जे पिंप स्वतःपुरते चांगले आहे, पण एकत्र आल्यावर मेळ बिघडविते, ते बाजूला काढावे लागते. थोर मळे अशी वगळलेली वाइन दुसऱ्या नावाने विकतात. शातो मार्गोच्या दुय्यम वाइनला १९०८ पासून स्वतःचे नाव आहे, आणि शातो लातूरची दुय्यम वाइन १९६६ च्या हंगामापासून सुरू झाली. आपल्याच पिकाचा मोठा भाग कमी किमतीला विकावयास तयार होणे हा या कलेतील खरा त्याग होय. संपादकाच्या कामाशी याचे साम्य वाचकांच्या लक्षात येईलच. साभार परत केलेल्या लेखांवरही अंकाची चव ठरत असते.

आता भेसळीकडे येऊ. कारण आमच्या शेजारच्या गृहस्थांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. बोर्दोच्या इतिहासात भेसळीचे म्हणावे असेही एक प्रकरण आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील व्यापारी इंग्लंडच्या गिऱ्हाइकासाठी, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातील एर्मिताज येथील दणकट, काळीशार वाइन बोर्दोच्या वाइनमध्ये मिसळीत. ही चाल इतकी रुळली होती की तिच्यासाठी त्या गावाच्या नावावरून एक खास शब्दच पडला होता. अशी वाइन चवीला वाईटच लागे असे कोणी म्हणणार नाही. कदाचित ती अधिक भरदारच लागत असेल. मग दोष कोणता? दोष हा की, ती बोर्दोच्या नावाने जाई आणि बोर्दोविषयी काही खोटे सांगे. अशक्त हंगाम सशक्त भासवावा एवढ्यासाठी दूरच्या नदीकाठचे बळ उसने आणले जाई. पुढे १९३५-३६ च्या सुमारास फ्रान्सने उत्पत्तिस्थानाचे नियम घालून दिले, आणि बोर्दो या नावाखाली ही उसनवारी चालेनाशी झाली.

यावरून भेद स्पष्ट होतो. भेसळ आणि मिश्रण यांतील अंतर हे वस्तूंच्या संख्येत नाही. दोन वस्तूंची भेसळ होऊ शकते आणि तेरा वस्तूंचे निर्दोष मिश्रण होऊ शकते. ऱ्होनच्याच खोऱ्यातील शातोनफ-द्यु-पाप या वाइनसाठी परंपरेने तेरा वाण सांगितले जातात, आणि आपल्याकडचा त्रयोदशगुणी विडा तर प्रसिद्धच आहे. भेसळीत आत घातलेली वस्तू स्वतःला लपविते आणि वर लिहिलेल्या नावाला खोटे पाडते. मिश्रणात ती वस्तू त्या नावाचाच भाग असते. उलट केवळ एकाच वाणाचे नाव मिरविणाऱ्या बाटलीचीही थोडी झडती घ्यावी. युरोपीय नियमांनुसार बाटलीवर एका वाणाचे नाव छापण्यास शंभरात पंच्याऐंशी भाग तो वाण असला म्हणजे पुरते, अमेरिकेत पंचाहत्तर. उरलेल्या भागाविषयी ती बाटली मौन पाळते. मग अधिक प्रामाणिक कोण, हा प्रश्न वाचकांनीच सोडवावा.

असे असले तरी मिश्रण हेच श्रेष्ठ असा डांगोरा आम्ही पिटणार नाही. बर्गंडीची तांबडी वाइन एकट्या पिनो न्वार या वाणाची असते आणि तिच्या उत्तम बाटल्यांसमोर बोर्दोच्या अभिमान्यांनाही नम्र व्हावे लागते. खुद्द बोर्दोमध्ये पोमरोल येथील पेत्रुस हा विख्यात मळा जवळजवळ केवळ मेर्लोवरच उभा आहे. कारण त्याच्या निळसर चिकणमातीत मेर्लोला जे बळ येते ते अन्यत्र येत नाही. एकल गायनाने मैफल भरते तेव्हा साथीदारांची गर्दी कशाला करावी? मिश्रणाला कारण असले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आणि नेमके हे कारणच हल्ली हरवत चालले आहे की काय, अशी शंका येते. १९८२ च्या हंगामाची मुक्तकंठाने प्रशंसा करून रॉबर्ट पार्कर हा अमेरिकन समीक्षक प्रसिद्धीस आला, आणि त्याच्या शंभर गुणांच्या मोजपट्टीचा दरारा पुढे कित्येक वर्षे बोर्दोवर राहिला. द्राक्ष अधिकाधिक पिकवावे, नव्या ओकचा वास चढवावा, पहिल्याच घोटाला भारून टाकावे, अशी एक चाल पडली. एके काळी शंभरात अकरा-बारा भाग मद्यार्क असलेल्या या वाइनमध्ये आता तेरा-चौदा भाग सहज आढळतात; त्यात तापलेल्या हवामानाचा वाटा आहे, तसाच या आवडीचाही आहे. अशा बाटल्यांत वाण चार असले तरी आवाज एकच ऐकू येतो, आणि तो फार मोठा असतो. आपल्या वार्षिक गोपनीय अहवालात दहापैकी मिळालेला आकडा वाचून ज्यांना स्वतःची ओळख पटली नाही, असे आमचे वाचक या मोजपट्टीची मर्यादा निराळी समजावून न देता जाणतील.

घरच्या अंगणाविषयीही थोडे बोलले पाहिजे. महाराष्ट्रात १९८० नंतरच्या दशकात नारायणगावी आणि पुढे नव्वदीच्या अखेरीपासून नाशिक परिसरात वाइनचा उद्योग उभा राहिला; तेथे काबर्ने आणि शिराज यांची मिळून केलेली तांबडी वाइन आता परिचयाची झाली आहे. तिच्याविषयी आम्हांस ममत्व आहे, म्हणूनच हा प्रश्न विचारतो: या जोडीचे नाशिकचे कारण कोणते? आपल्याकडे पावसाळा सरल्यावर छाटणी होते आणि जानेवारी ते मार्चच्या सुमारास द्राक्षे खुडली जातात. बोर्दोच्या शेतकऱ्याला शरदातल्या पावसाची धास्ती; आपल्या शेतकऱ्याला अवकाळी पाऊस व गारपीट वगळली तर चिंता आहे ती चढत्या उन्हाची. साखर भराभर चढते, आंबटपणा ओसरतो, आणि साल-बिया मात्र मागे राहतात. तेव्हा आपले मिश्रण आपल्या उन्हाला दिलेले उत्तर असावयास हवे. ताजेपणा राखणारा सोबती शोधणे हे त्याचे काम. परदेशी बाटलीवरील प्रमाण जसेच्या तसे उचलले, तर पाककृती हाती येते, पण ती ज्या अडचणीतून जन्मली ती अडचण येत नाही. आणि अडचणीवाचून झालेल्या मिश्रणाला चारित्र्य येत नाही. ज्या काही मोजक्या देशी बाटल्यांत असा शोध चाललेला दिसतो, त्या चाखताना आम्हांस बोर्दोची आठवण झाली नाही, आणि हीच त्यांची खरी प्रशंसा होय.

हा सगळा विचार करताना आमच्या मनात बाटलीइतकेच आपणा सर्वांचे बिऱ्हाड होते, हे कबूल केले पाहिजे. बदलीच्या गावी राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरात भाषेचे, जेवणाचे, सणवारांचे मिश्रण होतेच. मुले आईशी मराठीत बोलता बोलता हिंदीत शिरतात, पुरणपोळीच्या ताटात छोले येऊन बसतात, आणि सुट्टीत पुण्या-नागपुरास गेल्यावर कोणी काकू म्हणतात, "तुमची मराठी आता भेसळीची झाली हो." या शेऱ्याने आपण खजील होतो किंवा रागावतो. दोन्हीऐवजी तिसऱ्या पेल्याची कसोटी लावून पाहावी. नवा शब्द आपल्या वाक्यात विरला आहे की नुसता ओतला गेला आहे? तो गरजेने आला की आळसाने? आणि जे टाकावयाचे ते टाकण्याचे धैर्य आपण दाखविले काय? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक घरी वेगळी येतील, आणि काही घरी काकूच खऱ्या ठरतील. परंतु बारा गावचे पाणी प्यालेला माणूस म्हणजे चतुर माणूस, असे मानणाऱ्या भाषेने मिश्रणाला सरसकट दोष देऊ नये.

आमच्या शेजारी बसलेल्या त्या अधिकाऱ्यांची पुढे ईशान्येकडे बदली झाली. त्यांच्या दिल्लीच्या घरी आम्ही अनेकदा जेवलो होतो. गोडा मसाला त्यांच्या वहिनी गावाहून पाठवीत. एखाद्या वेळी तो संपला आणि बाजारातला आणावा लागला, तर आमटीचा पहिला भुरका घेताच ते हात थांबवीत आणि म्हणत, "यात दगडफूल कमी आहे." पंधरा-वीस जिनसांच्या मसाल्यातील एका जिनसेची उणीव अचूक ओळखणाऱ्या त्या जिभेने त्या रात्री पेल्यातील वाइनचा घोट घेतलाच नव्हता, केवळ द्राक्षांची संख्या ऐकून निकाल दिला होता. आणि आम्ही घोट घेऊनही त्यांच्या निकालावर सही केली होती. हा अंक त्यांच्या हाती पडला, तर त्यांनी आमची ती सही रद्द समजावी.